दादांचा डुरा-एस आणि तुमची चेन

प्रश्न : मी कोलशेतला राहते, नोकरी ऐरोलीला. चार वर्षांपूर्वी शिमानो १०५ ग्रुपसेटची (गिअर, ब्रेक, चेन असा सगळा संच) रोड बाइक घेतली. ११ स्पीड म्हणजे मागे ११ गिअर, रिम ब्रेक, पुढे ५०-३४ दात, मागे ११-३२. शनिवार-रविवार येऊर नाहीतर घोडबंदर, कधी कळवा-ऐरोलीमार्गे पाम बीच. पावसातही थांबत नाही. नऊएक हजार किलोमीटर झाले असतील. महिनाभर झाला, चढावर उभं राहून जोर लावला की चेन खाडकन सटकते. दुकानात म्हणाले, चेन, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्या), दोन्ही चेनरिंग (पुढच्या चकत्या), केबल, सगळं गेलंय, १८ हजार होतील. नेमके याच आठवड्यात आमच्या ग्रुपमधले एक दादा त्यांचा डुरा-एस आर ९१०० (शिमानोचाच सगळ्यात वरचा सेट) काढून इलेक्ट्रॉनिक बसवतायत. ५२-३६ चा क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) आणि ११-२८ ची कॅसेट धरून पूर्ण सेट मला ६५ हजारांत देतो म्हणाले. "टॉपचं आहे, एकदा घातलंस की दहा वर्षं बघायला नको." डिसेंबरात पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची आहे. उंची ५ फूट २, वजन ५८. १०५ इतक्या लवकर झिजतो म्हणजे तो हलक्या प्रतीचा आहे का? १८ हजार घालून पुन्हा तेच घ्यायचं की ६५ देऊन एकदाचं मोकळं व्हायचं? आणि दादांना नाही म्हणायचं झालं तर कसं म्हणू?
— एक सायकलस्वार, ठाणे (प.)

उत्तर : नमस्कार.

दादांचा सेट घेऊ नका. १८ हजारही बहुतेक लागणार नाहीत. आता सविस्तर.

पहिलं म्हणजे तुमचा १०५ लवकर झिजलेला नाही. पत्रात चेन बदलल्याचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून पहिलीच चेन चालू आहे असं धरतो. ११ स्पीडच्या एका चेनवर नऊ हजार किलोमीटर आणि चार पावसाळे! बिचारीने बरंच सोसलं. आपल्याकडच्या रस्त्यांवर चांगली निगा ठेवलेली चेन तीन-चार हजार किलोमीटर गेली तरी मी ती टिकली म्हणेन. भर पावसात रोज चालवली तर त्याच्या निम्म्यातही संपते. म्हणजे तुमच्या सायकलला आतापर्यंत दोन चेन तरी मिळायला हव्या होत्या. त्या मिळाल्या असत्या तर कॅसेट अजून चालू असती. तुमच्या खर्चाचं मूळ इथे आहे, १०५ च्या दर्जात नाही.

चेनची प्रत्येक कडी १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाची असते. पिन आतल्या पट्टीत जिथे फिरते तिथलं पोलाद किलोमीटरागणिक घासलं जातं आणि सांधा ढिला पडतो. चेन अर्धा टक्का वाढली असं म्हणतो तेव्हा एका कडीत फक्त ०.०६ मिलिमीटर फरक पडलेला असतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण शंभरावर सांधे मिळून सगळी चेन कॅसेटच्या मापात बसेनाशी होते. रोलर दाताच्या बुडाशी बसायचा तो टोकाकडे सरकतो आणि पाच-सहा दातांनी वाटून घ्यायचा भार एक-दोन दातांवर येतो. ते दात एका अंगाने खरवडले जाऊन आकड्यासारखे वळतात. जुनी चेन त्या वाकड्या दातांवर काही काळ बिनबोभाट चालते, कारण दोघंही एकमेकांच्या मापाने झिजलेली असतात. मग एक दिवस येऊरच्या चढावर तुम्ही उभ्या राहता आणि खाडकन आवाज येतो.

दुकानात जायच्या आधी घरीच मोजा. इंचाची स्टीलची पट्टी घ्या, तिचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा आणि १२ इंचांवर काय येतं ते बघा. नव्या चेनमध्ये तिथे बरोबर पिनचा मध्य येतो. पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर अर्धा टक्का झाला, आणि ११ किंवा १२ स्पीडची चेन तिथेच बदलायची. १/८ इंच पुढे असेल तर चेनबरोबर कॅसेटही गेली असं समजा. तुमची याच्याही पुढे गेली असावी असा माझा अंदाज. चेन चेकर काही शे रुपयांत मिळतो, पट्टीने मोजायचा कंटाळा असेल तर तो घ्या. या खेळात इतक्या कमी पैशांत एवढी बचत करणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

आता धूळ. घोडबंदर रोडला मेट्रोची कामं, बांधकामं, डंपर. पाम बीचला खाडीची खारी हवा. पावसात खड्ड्यातलं लाल पाणी थेट चेनवर उडतं. चेनवर तेल आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण तेलात कालवलेली सिमेंटची पूड म्हणजे गॅरेजवाले व्हॉल्व्ह घासून बसवायला वापरतात ती ग्राइंडिंग पेस्टच. चेन काळीकुट्ट दिसत असूनही गुळगुळीत चालत असेल तर ती आतून घासली जातेय. ही पेस्ट १०५ बघत नाही की डुरा-एस बघत नाही.

इथे दादांचा मुद्दा येतो. महाग म्हणजे टिकाऊ, हे मिक्सरला किंवा चपलेला बऱ्याच अंशी लागू पडतं. ग्रुपसेटला पडत नाही. १९७३ साली डुरा-एस आला तो शर्यतीसाठी, आणि शर्यतीचा सेट हलका असावा लागतो. त्याच्या कॅसेटमधल्या मोठ्या चकत्या टायटॅनियमच्या असतात. टायटॅनियम हलकं खरं, पण कॅसेटच्या कामात ते पोलादापेक्षा लवकर झिजतं. १०५ च्या सगळ्या चकत्या पोलादी. वजनाला जड, पण घासायला चिवट. किंमत बघाल तर डुरा-एसची कॅसेट १०५ च्या चौपट-पाचपट. शिमानोची स्पर्धक कंपनी स्रॅम, त्यांचंही तेच. त्यांच्या सगळ्यात वरच्या रेड मालिकेच्या कॅसेटचा बराचसा भाग पोलादाच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेला असतो. कारागिरी बघत राहावी अशी, पण दात झिजले की तो सगळा ठोकळा बदलायचा. व्यावसायिक संघांना याचं काही वाटत नाही. त्यांचे मेकॅनिक चेन झिजायची वाटच बघत नाहीत आणि बिल त्यांच्या खिशातून जात नाही.

चेनच्या बाबतीत थोडा फरक आहे, तो मान्य. महाग चेनवर घर्षण कमी करणारा लेप जास्त भागांवर असतो, ती थोडी शांत आणि थोडी जास्त चालते. तरी धूळ तीच आणि पाऊस तोच असताना महाग पण मळकी चेन स्वस्त पण स्वच्छ चेनसमोर टिकत नाही.

मग डुरा-एस घेणारे मूर्ख आहेत का? मुळीच नाही. त्याच्या गिअर बदलायच्या लिव्हरचा क्लिक एकदा बोटांना लागला की १०५ जरा रबरी वाटतो. फिनिशिंग देखणं, मागच्या डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) छोट्या चाकांत सीलबंद बेअरिंग, सांधे घट्ट. ही मजा आहे, आणि मजेला पैसे मोजण्यात काही गैर नाही. फक्त तो खर्च बचतीच्या खात्यात टाकू नये. वजनाचं म्हणाल तर तुमचा सेट आणि दादांचा सेट यांत अर्ध्या किलोपेक्षा कमीच फरक आहे. तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून ७० किलो धरले आणि उपवनवरून येऊरला चढायला पंधरा मिनिटं धरली, तर वाचतील पाच-सहा सेकंद. बीआरएमच्या २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरच्या आतला वेग. तिथे त्या सेकंदांचं काय लोणचं घालायचं?

हे सगळं बाजूला ठेवलं तरी तो सेट तुमच्या मापाचा नाही, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आज तुमचा सगळ्यात हलका गिअर ३४ ला ३२. दादांच्या सेटवर तो होईल ३६ ला २८. भागाकार करून बघा, २१ टक्के जड. १८० किलोमीटर झाल्यावर समोर चढ आला की हे २१ टक्के गुडघ्यांना कळतील. मोठी कॅसेट लावू म्हणाल तर आर ९१०० चा मागचा डिरेलर ३० दातांपर्यंतच घेतो. शिवाय क्रँकची लांबी बघितली का? दादा उंच असतील तर १७२.५ किंवा १७५ मिलिमीटर असेल. तुमच्या उंचीला १६५ च्या आसपास बरी. ५२-३६ आणि १७५ म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून वाचण्यातला प्रकार.

आणखी एक गोष्ट, आणि ही पैशांची नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने आपले काही क्रँक तपासून बदलून देण्याची मोहीम जाहीर केली. जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेले ११ स्पीडचे अल्टेग्रा (१०५ आणि डुरा-एसच्या मधला सेट) आणि डुरा-एस क्रँक त्यात येतात. अल्टेग्राचे ६८०० आणि आर ८०००, डुरा-एसचे ९०००, आर ९१०० आणि पॉवर मीटरवाला आर ९१००-पी. हे क्रँक दोन भाग चिकटवून पोकळ बनवलेले आहेत. काहींचा तो जोड सुटतो आणि क्रँक चालवताना तुटू शकतो. जगभरातले मिळून सुमारे २८ लाख नग यात आले आणि असे साडेचार हजारांवर प्रकार नोंदले गेल्याचं त्या वेळी जाहीर झालं. क्रँकच्या आतल्या बाजूला, पेडल बसतं त्याच्याजवळ, कोरलेला कोड असतो. त्याची पहिली दोन अक्षरं के एफ पासून आर एफ पर्यंतच्या क्रमात येत असतील तर तो क्रँक या यादीत आहे. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. १०५ या यादीत नाही. तुम्ही ज्याला हलक्या प्रतीचा म्हणालात तोच.

वापरलेल्या मेकॅनिकल (केबलवर चालणाऱ्या) सेटमध्ये शिफ्टरही, म्हणजे गिअर बदलायची लिव्हरही, बघावा लागतो. ११ स्पीडच्या या शिफ्टरांत मागच्या गिअरची केबल लिव्हरच्या आत तीक्ष्ण वळण घेते आणि काही हजार किलोमीटरांनी तिथे तिचे तंतू तुटायला लागतात. गिअर बदलताना लिव्हर जड किंवा अडखळती वाटायला लागली की समजावं. तसंच रेटत राहिलं तर केबल आतच तुटते, तुकडे अडकतात आणि ते चिमट्याने काढण्यात मेकॅनिकची अख्खी दुपार जाते. आतले सुटे भाग मिळत नाहीत, म्हणजे बिघडला तर शिफ्टर नवीनच घ्यायचा. तुमच्या १०५ लाही हा आजार आहे, म्हणून वर्षातून एकदा केबल बदलायच्या. पावसाळा संपला की घालायच्या. दुकानदाराने केबल यादीत घातल्यात ते योग्यच केलं.

बाकीच्या यादीबद्दल मात्र माझं मत वेगळं. चेन आणि कॅसेट बदला. चेनरिंग लगेच नको. त्या कॅसेटपेक्षा बऱ्याच जास्त टिकतात, कारण त्यांच्यावर दात जास्त आणि भार पसरलेला. नवीन चेन घातल्यावर उभ्या राहून जोर लावा. मागे नवी कॅसेट असूनही पुढे चेन उचलली जात असेल किंवा दातातून सुटताना वर ओढली जात असेल, तर ती रिंग गेली. तुमचा वावर बहुतेक ५० वर असेल, म्हणजे ३४ ची रिंग बऱ्यापैकी शाबूत असायला हवी. मोठी गेली असली तरी एकटी बदलता येते. ग्रुपमध्ये कुणी म्हणेल की चेनरिंग अल्टेग्राची घाल. बसेल, दिसेलही छान, पण दात तेवढेच चालतील. एवढा बदल केला की १८ हजारांतला मोठा तुकडा हातात राहतो.

कॅसेट घेताना ११-३४ चा विचार करा. ३२ चालतंय म्हणजे तुमचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा आहे, तो ३४ घेतो. ३४ ला ३४, म्हणजे पायाचा एक फेरा आणि चाकाचा एक फेरा. रात्री उशिराच्या चढाला यापेक्षा मोठा मित्र नाही. एक बारकावा : शिमानोची ११ स्पीडची ११-३४ कॅसेट रोड हबवर (मागच्या चाकाच्या मधल्या भागावर) बसवताना मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे पातळ कडं, लागतो. मेकॅनिक तो विसरला तर कॅसेट हलत राहील आणि तुम्ही आठवडाभर गिअर जुळवत बसाल. चेनही दोन कड्या मोठी लागू शकते, जुन्या चेनच्या मापाने कापू देऊ नका. जुनी तर वाढलेली आहे. आणि सगळे जुने भाग परत मागा, कॅसेट हातात घेऊन मधल्या चकत्यांचे दात बघा. नेहमीच्या दोन-तीन चकत्याच गेलेल्या दिसतील. चेन आणि कॅसेट बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, शिमानोच्या खोक्यातला नकली माल बाजारात भरपूर फिरतो.

निगा कशी ठेवायची, तेवढं सांगून थांबतो. पावसातून आल्यावर मगने साधं पाणी ओतून चिखल काढा. गाड्या धुतात त्या प्रेशरच्या नळीखाली सायकल धरू नका, पाणी बेअरिंगमध्ये घुसतं. चेन फडक्यात धरून पेडल उलटं फिरवा, कोरडी करा, मग प्रत्येक रोलरवर एक थेंब ल्यूब. रात्रभर राहू द्या आणि सकाळी बाहेरचं पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. बाथरूमचं ॲसिड किंवा गंज काढायचं द्रावण चेनला कधीही नाही, त्याने चेन तुटू शकते. डब्ल्यूडी-४० ने धुवायला हरकत नाही, पण वंगण म्हणून ते पाम बीच संपायच्या आत उडून जातं.

ऑक्टोबर ते मे पॅराफिन मेणाचा प्रयोग करून बघण्यासारखा आहे. नवीन चेनवरचं कारखान्याचं ग्रीस पूर्ण काढायचं, ती वितळलेल्या मेणात बुडवायची, सुकवायची. मेणाला धूळ चिकटत नाही आणि चेनचं आयुष्य खरोखर वाढतं. मेण गॅसच्या आचेवर थेट वितळवू नका, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून करा. पावसाळ्यात मात्र हे झेपणार नाही. एका भिजलेल्या राइडनंतर चेन सुकवून पुन्हा मेणात नाही बुडवली तर सकाळपर्यंत तांबूस होते. जूनपासून सरळ ओल्या हवेचं ल्यूब वापरा.

हे काम डिसेंबरवर ढकलू नका. दिवाळीच्या आधी बसवून घ्या, म्हणजे ताणल्या गेलेल्या केबल एकदा जुळवून होतील आणि बीआरएमला सायकल ओळखीची असेल. वाचलेल्या पैशांतून पुढच्या वर्षाची एक चेन आणि सुटा डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) आताच घेऊन ठेवा. सायकल उजव्या अंगावर पडली की पहिला वाकतो तो हँगर, आणि तुमच्या फ्रेमचा हँगर शहापूरच्या दुकानात मिळणार नाही.

राहिले दादा. त्यांना सेट वाईट आहे असं म्हणू नका, कारण तो वाईट नाही. "दादा, मला ३६-२८ झेपणार नाही आणि तुमचा क्रँक मला लांब पडतो" एवढं पुरे. कुणाही सायकलवाल्याला हे पटतं. फक्त शिफ्टर आणि डिरेलर देतो म्हणाले तरी डिरेलर नको, ३० दातांची अडचण तिथेही आहे. शिफ्टर तुमच्या १०५ बरोबर चालतील, भाव नीट लावला आणि केबल बाहेर काढून आतून दाखवली तर घेऊ शकता, पण ती हौस बीआरएमनंतर करा. आणि त्यांना क्रँकचा कोड मात्र आजच बघायला सांगा. यादीतला निघाला तर जोडाच्या रेषेत फट दिसतेय का, जोर लावल्यावर करकर येतेय का हे बघून तपासणीसाठी तो शिमानोच्या अधिकृत विक्रेत्याकडे न्यायला सांगा. तोवर त्यांनी तो चालवू नये आणि ग्रुपमध्ये दुसऱ्या कुणाला विकूही नये.